म्हैसूर जिल्ह्यातील आदिवासींसाठी मोफत वकील व कायदेशीर मदत

आपण अनुसूचित जमातीचे असाल, तर न्यायालयात बाजू मांडण्यासाठी शासनाच्या खर्चाने वकील मिळणे हा आपला हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये ही तरतूद आहे. हेग्गडदेवनकोटे, हुणसूर, पिरियापट्टण या तालुक्यांतील हाड्यांवर राहणारे जेनू कुरुब, बेट्ट कुरुब, यरव, सोलिग या सर्वांना ती लागू होते.

काय मिळते?
• वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, नोटिशीचा खर्च
• अर्ज व दावा लिहून देणे, निकालाच्या प्रमाणित प्रती, कागदपत्रांचे भाषांतर
• प्रकरण दाखल करण्यापूर्वी सल्ला

या वकिलाला आपल्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. कोणी पैसे मागितल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा.

कोणत्या कामासाठी?
जमिनीचा वाद, घरगुती हिंसाचार, थकलेली मजुरी, अटक व जामीन, जातीचा दाखला किंवा पेन्शन अडणे अशा बहुतेक कामांसाठी ही मदत मिळते. मात्र आपल्या म्हणण्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे, याची प्राधिकरण खात्री करते.

वनहक्काचा दावा नाकारला गेला असेल तर
येथे उशीर करू नका. वनहक्क कायदा, 2006 नुसार दावा नाकारताना कारणे नोंदवून ती आपल्याला प्रत्यक्ष कळवावी लागतात. नुसते तोंडी “नाही” पुरेसे नाही. निर्णय कळल्यापासून 60 दिवसांत दाद मागता येते:
1. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध – उपविभागीय समितीकडे
2. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध – जिल्हा समितीकडे

आदेश कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर तो घरात ठेवून देऊ नका. त्याच आठवड्यात विधी सेवा कार्यालयात नेऊन वाचून घ्या. मिळाल्याची तारीख आदेशावर लिहून ठेवा.

कब्जा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असल्याचे दाखवावे लागते. सरकारी कागद नसला तरी हाडीतील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुने घर, बांध, विहीर, दफनभूमी हेही पुरावे चालतात. मात्र एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत आपल्याला जमिनीवरून हटवता येत नाही. तशी नोटीस आली, तर तीही वकिलाला दाखवा.

अत्याचार झाला असेल तर
अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 खाली पोलिसांनी प्राथमिक चौकशीची वाट न पाहता गुन्हा नोंदवायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. मदतीसाठी 14566 वर फोन करा.

अर्ज कोठे करावा?
• तालुका न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समिती
• म्हैसूर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण
• उच्च न्यायालयातील कामासाठी बंगळुरूची उच्च न्यायालय विधी सेवा समिती
• टोल-फ्री क्रमांक 15100

लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक अर्ज लिहून घेतील. अंगठा उठवण्यापूर्वी तो वाचून दाखवायला सांगा.

सोबत काय न्यावे?
जातीचा दाखला, ओळखपत्र आणि प्रकरणाचे जे काही कागद असतील ते. एखादा कागद नाही म्हणून घरी थांबू नका. आधी कार्यालयात जा, कागद कसा मिळवायचा हे तेथेच विचारा. अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि नेमलेल्या वकिलाचे नाव व फोन नंबर लिहून घ्या.