आमराईतल्या खोल्यांना वायफाय

कोकणात आमराईत चार-सहा कौलारू खोल्या पर्यटकांना देणारे आता बरेच आहेत. राउटर मुख्य घरात, म्हणून शेवटच्या खोलीत रेंज नाही. मग जास्त ताकदीचा राउटर येतो. त्याने फारसं साधत नाही, कारण मोबाइलचा क्षीण संदेशही परत राउटरपर्यंत पोचावा लागतो.

खरा अडसर जांभ्याच्या जाड भिंतींचा आणि पानांचा. पाणी वायफायच्या लहरी शोषतं. त्यामुळे मे महिन्यात चाललेली जोडणी पावसाळ्यातल्या ओल्या, दाट झाडीत ढेपाळू शकते.

माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक खोलीत छोटा ॲक्सेस पॉइंट हवा. तिथवर तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच चालते. त्यापुढे फायबर उत्तम. काचेच्या तंतूतून विजेचा लोळ उपकरणांत शिरत नाही, आणि कोकणातल्या वळवाच्या विजा ठाऊकच आहेत.

चर खणणं अशक्य असेल तर छपरांवर समोरासमोर अँटेना लावाव्यात. मात्र त्या एकमेकींना नुसत्या दिसून भागत नाही. २०० मीटर अंतर आणि ५ गिगाहर्ट्झ असेल, तर मध्यावर त्या रेषेभोवती सुमारे पावणेदोन मीटर जागा मोकळी हवी. कलमं वाढतात, तेव्हा खांब आजच उंच घ्यावा.