मोहाचे फूल आणि सागाचे पान

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. त्याच जंगलांत उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची रुंद पानेही गळतात. दोन्ही वरून खालीच येतात, पण येण्याची तऱ्हा निराळी. समजा, ही दोन दृश्ये संगणकावर चलत्‌चित्र म्हणून तयार करून आपल्याला वर्गात दाखवायची आहेत. चित्रे कितीही सुबक असली, तरी वेळेचे गणित चुकले तर विद्यार्थी चुकीचे भौतिकशास्त्र शिकेल. शिवाय डोळ्यांनी पाहिलेले सहसा विसरले जात नाही. म्हणून हे गणित समजून घेऊ.

पडद्यावर प्रत्यक्षात काहीच हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे येतात आणि आपला मेंदू त्यांतून गती जुळवतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन रेषा सुमारे ६० मिलिसेकंदांच्या अंतराने दाखवल्या, की पाहणाऱ्याला एकच रेषा सरकल्यासारखी वाटते. चित्रपटात सेकंदाला साधारणपणे २४ चित्रे दाखवतात. अशा प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात.

संगणकावर प्रत्येक फ्रेम हाताने काढावी लागत नाही. फूल फांदीवर आहे ती एक आणि जमिनीवर आहे ती दुसरी, अशा दोन महत्त्वाच्या फ्रेम आपण ठरवून देतो. यांना ‘की-फ्रेम’ म्हणतात. मधल्या फ्रेम संगणक स्वतः भरतो. पण त्या कोणत्या नियमाने भरायच्या? खरी मेख इथेच आहे.

फांदी ५ मीटर उंच आहे असे धरू आणि हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू. फुलाला खाली यायला सुमारे १ सेकंद, म्हणजे २४ फ्रेम लागतील. समान वेगाचा नियम लावला, तर अर्ध्या वेळेत, म्हणजे १२ फ्रेममध्ये, फूल २.५ मीटर खाली आलेले दिसेल. प्रत्यक्षात मात्र पडलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या वेळेत एक चतुर्थांश, म्हणजे १.२५ मीटरच अंतर काटले जाते. उरलेले ३.७५ मीटर दुसऱ्या अर्ध्यात.

‘ब्लेंडर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपण काहीच न बदलल्यास गती सावकाश सुरू होते, मध्ये वाढते आणि शेवटी पुन्हा मंदावते. स्टँडवरून सुटून पुढच्या स्टँडवर थांबणाऱ्या एस.टी.ला हा नियम शोभतो. पण फूल जमिनीजवळ येताना मंदावत नाही, उलट तेव्हाच त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. म्हणून इथे ‘क्वाड्रॅटिक’ हा वर्गाचा नियम आणि त्यातील ‘ईझ इन’ हा पर्याय निवडावा. मग पडद्यावरचे फूल गॅलिलिओच्या नियमानेच पडेल.

सागाच्या पानाचे काय? ते रुंद आणि हलके असल्यामुळे हवेचा विरोध लवकरच त्याच्या वजनाची बरोबरी करतो. त्यानंतर पान डुलत डुलत, पण सरासरी एकाच वेगाने उतरते. फुलासाठी चूक ठरलेला समान वेगाचा नियम इथे बराचसा बरोबर ठरतो. नियम वस्तू पाहून निवडायचा, तो असा.

वेळ आवळताही येतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अवकाशाने चित्रित करून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. आपण पावसाळ्यात बांबूच्या कोंबाचे दर तासाला एक असे १० दिवस छायाचित्र घेतले, तर २४० चित्रे होतील आणि ती १० सेकंदांत दाखवता येतील. म्हणजे काळ ८६,४०० पट आवळला!

शाळेत संगणक नसला, तरी हा प्रयोग अडत नाही. वहीच्या लागोपाठच्या नऊ पानांच्या कडेला वरून ०, ०.२५, १, २.२५, ४, ६.२५, ९, १२.२५ आणि १६ सें.मी. अंतरावर एकेक ठिपका काढा. दुसऱ्या वहीत ठिपके दर २ सें.मी. अंतरावर काढा. दोन्ही वह्यांची पाने भरभर सोडा आणि यांतले मोहाचे फूल कोणते, हे विद्यार्थ्यांना विचारा. पहाटे फुले वेचायला जाणारी मुले याचे उत्तर सर्वांत आधी देतील.