ओल, ऊन आणि तेल : घराच्या ऋतुचर्येची कारणमीमांसा

आमच्या सासूबाई गेल्या त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती, म्हणून दिवाळीची साफसफाईही झाली नाही. पुढच्या वर्षी झाली नाही, त्याला मात्र तसे काही कारण नव्हते. नवऱ्याची फिरतीची नोकरी, माझे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणे, मुलाची शाळा, यातून आठ दिवस काढायचे कुठून? कामाला दोन मावशी बोलावून एका दिवसात घर पुसून घेतले, फराळ बाजारातून आणला आणि ‘एवढ्याने काही अडत नाही’ असे मीच मोठ्याने म्हटले.

तीन वर्षांनी अडले. मुलाला पावसाळ्यात सुरू झालेला खोकला मार्गशीर्ष उजाडला तरी जाईना. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. डॉक्टरांनी तपासले, औषध लिहिले आणि मग विचारले, “हा झोपतो त्या खोलीतले कपाट कोणत्या भिंतीला आहे?” पश्चिमेच्या. त्या रविवारी आम्ही ते कपाट ओढले. मागे परातीएवढा काळा-हिरवा डाग होता आणि खोलीभर पसरलेला कुबट वास तिथूनच येत होता.

सासूबाई दर वर्षी हे कपाट ओढायला लावत. “कपाटाला भिंतीशी पाठ टेकू द्यायची नाही,” असे त्या म्हणत आणि मी हसत असे. त्या डागापुढे उभी राहिले तेव्हा लाज वाटली. मग त्यांचे वर्षाचे वेळापत्रक मी आठवून आठवून वहीत उतरवले आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहिला : हे याच वेळी का? पुढे आहेत ती त्या प्रश्नाची मला मिळालेली उत्तरे. काही कामे आजही जशीच्या तशी लागू आहेत, काहींचे रूप बदलायला हवे, आणि एका कामाची तर वेळच आज उलटी झाली आहे.

ऊन आणि पाणी

सासूबाईंचे माहेर वाईजवळचे. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा, चादरी कृष्णेवर नेऊन धुवायच्या, हा तिकडचा नेम. पश्चिम महाराष्ट्रात तो अजूनही अनेक घरांत पाळला जातो. देवीच्या आगमनासाठी शुद्धी, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. पण वर्षाकडे नीट पाहिले तर आणखी एक कारण दिसते. जाड गोधडी धुवायला भरपूर पाणी लागते आणि वाळायला कडक ऊन. आषाढ-श्रावणात पाणी असते, ऊन नसते. वैशाखात ऊन असते, नदीला पाणी नसते. दोन्ही एकाच वेळी हाती येतात ते पाऊस ओसरताना. नेम नेमका त्या फटीत बसवलेला आहे.

चार महिन्यांच्या दमट हवेत अंथरुणात काय होते, हेही पाहू. आपल्या त्वचेचा कोंडा खाऊन जगणारे धूळकिडे गाद्यांत आणि उशांत राहतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणून डोळ्यांना ते दिसत नाहीत. ते पाणी पीत नाहीत, हवेतली वाफ अंगात शोषून घेतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली की ते सुकून मरतात. पावसाळ्यात ती आपल्याकडे दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे त्यांची चंगळच. पण दम्याचा त्रास वाढवतात ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतली प्रथिने, आणि किडा मेला तरी ती अंथरुणातच उरतात. म्हणून नुसते ऊन दाखवून पुरत नाही. गादी उन्हात तापवायची, मग घराबाहेरच काठीने बदडायची, या जुन्या जोडकामातल्या दोन्ही पायऱ्या आवश्यक आहेत. पहिलीने किडा मरतो, दुसरीने त्याचा कचरा निघतो. बदडताना नाकाला फडके हवे आणि दम्याचा माणूस तिथे नको.

ज्यांना गच्ची नाही त्यांनी काय करावे? चादरी आणि उशांचे अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर किडे मरतात आणि प्रथिनेही वाहून जातात. धुलाई यंत्रात तशी सोय असते, आपण ती वापरत नाही इतकेच. गादी खिडकीतून ऊन येते तिथे दुपारभर उभी करून ठेवावी.

यात तिथीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. २०२० साली घटस्थापना १७ ऑक्टोबरला आली, २०२५ साली २२ सप्टेंबरला. अधिक महिन्यामुळे सण असा जवळजवळ महिनाभर पुढेमागे होतो, पाऊस त्याच्यामागून चालत नाही. गोधडी बाहेर काढायची ती पंचांगाबरोबर आभाळही पाहून.

भिंतीची गोष्ट

आता ते कपाट. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा आपल्याकडे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींवर होतो. त्या भिजतात आणि आतून गार राहतात. खोलीतली दमट हवा गार भिंतीला टेकली की तिथली आर्द्रता आणखी वाढते. कपाट भिंतीला चिकटून असेल तर तिथे वारा फिरत नाही आणि बुरशीला हवे ते सगळे मिळते : ओल, अंधार, आणि खायला धूळ. चार बोटांची फट ठेवली की हवा खेळते. सासूबाईंच्या एका वाक्यात एवढे सगळे होते.

बुरशी कधीही कोरडी खरवडू नये, तिचे बीजाणू खोलीभर उडतात. खिडक्या उघडून, नाकाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी आणि भिंत पंख्याखाली वाळवावी. इथे माझ्या विषयातली एक कळकळीची सूचना. दिवाळीच्या सफाईत हात झरझर चालतात आणि न्हाणीघरात ब्लीचिंग पावडरीवर संडास साफ करायचे आम्ल ओतले जाते. त्या दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. बंद, लहान न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. दोन सफाईद्रव्ये एकत्र करायचीच नाहीत, हा नियम घरातल्या प्रत्येकाला आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवावा.

वेळ उलटी झालेले काम ते रंगाचे. दिवाळीआधी भिंतींना सफेदी द्यायची ती चुन्याची. चुनकळी पाण्यात विरवायची, त्यात थोडा सरस किंवा डिंक आणि चिमूटभर नीळ. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू १२ च्या पुढे जातो. त्यात बुरशी तगत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर बसतो. मुख्य म्हणजे हा थर सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल त्यातून पुढे सावकाश निघून जाते. पावसाने भिजलेल्या भिंतीवर आश्विनात चुना देणे त्यामुळे योग्यच होते : बुरशी मरते आणि भिंत वाळत राहते.

आज आपण तीच तिथी धरतो, पण लावतो प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट. हे रंग वाफेला सहजी वाट देत नाहीत. चार महिन्यांचे पाणी प्यालेल्या भिंतीवर ते चढवले की ओल आत कोंडते आणि संक्रांतीपर्यंत रंगाला फुगे येतात. आमच्याकडे दोनदा आले आणि दोन्ही वेळा मी रंगाऱ्याला बोल लावला. दोष त्याचा नव्हता, मुहूर्ताचा होता. साहित्य बदलले आणि वेळापत्रक तेच राहिले.

भिंत वाळली की नाही हे घरीच पाहता येते. हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूने थेंब धरले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूने धरले तर ओल खोलीच्या हवेत आहे. भिंत ओली असेल तर रंग माघ-फाल्गुनात काढावा आणि गळतीची दुरुस्ती मृगाच्या आधी. कोकणात कौले परतायची ती याच सुमारास.

अंगाची ऋतुचर्या

भिंतीला ओल नकोशी, तर त्वचेला हवीशी. दिवाळीच्या सुमारास वारा उत्तरेचा होतो, हवा कोरडी पडते. एखाद्या पहाटे खोबरेल बाटलीत थिजलेले दिसते, म्हणजे घरातला पारा साधारण २४ अंशांखाली गेलेला असतो. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे : पेशी या विटा आणि मधली स्निग्ध द्रव्ये हा गिलावा. कडकडीत पाणी आणि साबण हा गिलावा धुऊन काढतात, मग आतले पाणी उडून जाते आणि त्वचा उलते. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०.

नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी. तेलाचा थर त्वचेतले पाणी उडू देत नाही. उटण्यातले पीठ जास्तीचे तेल टिपून घेते, त्यामुळे साबणाची गरज उरत नाही किंवा फार थोडी उरते. अंगावर पुरेसे तेल राहते, ओशटपणा जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगासाठी मडके, कातडे आणि गाडीच्या चाकाचा आस यांचे दाखले दिले आहेत : तेल मुरले की या वस्तू चिवट होतात, तसेच शरीर. आणि तिथे अभ्यंग ही रोजची गोष्ट आहे. आपण मात्र ती वर्षातून एका पहाटेवर आणून ठेवली आणि उरलेला हिवाळा अंग खाजवत काढतो.

नोकरीच्या घाईत रोज पहाटे तेल चोळणे होत नाही, हे मान्य. त्यावर सोपा उपाय आहे. आंघोळीचे पाणी कडकडीतऐवजी कोमट, साबण काखा, जांघा आणि पाय यांपुरता, आणि अंग टिपल्यावर ते दमट असतानाच हातापायांना चमचाभर तेल. दोन मिनिटे लागतात. काही पथ्ये : ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे त्यांनी रात्रभर तेल ठेवू नये, कारण कोंड्यामागची बुरशी स्निग्धावरच पोसते. इसब असलेल्यांना आणि तान्ह्या बाळांना खरखरीत उटणे लावू नये. आणि घरात वृद्ध असतील तर न्हाणीघरातली तेलकट फरशी आधी धुवावी.

दर रविवारची पंधरा मिनिटे

सासूबाईंच्या यादीत नसलेले एक काम मला घालावे लागले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यातून निघून उडायला साधारण आठ-दहा दिवस घेतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी साठवण रिकामी केली तर साखळी तुटते. पालिका सांगते त्या ‘कोरड्या दिवसा’मागचे गणित एवढेच. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. बादल्या, कुंड्यांच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली हे सारे घासावे लागते. हे काम पाऊस संपला म्हणून थांबवायचे नसते.

यादी कोणाच्या डोक्यात?

वहीत सगळे लिहून झाल्यावर मला वाटले, आता जमेल. जमले नाही, कारण ती वही फक्त मीच वाचत होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे : घरातली बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. आणि अशी कामे मुळात करणारे पुरुष होते शंभरातले २६, स्त्रिया ८१. सासूबाईंचे वेळापत्रक इतके नेटके चालत होते, कारण एक बाई अख्खे वर्ष त्यामागे उभी होती. यादी त्यांच्या डोक्यात होती, म्हणून ती कोणाला वाटून घेता आली नाही, आणि त्या गेल्या तेव्हा तीही गेली.

मग मी वहीचे पान फाडून फ्रिजवर लावले. मृगाआधी गळती, पन्हळी आणि कपाटांची फट : नवरा. पाऊस ओसरल्याचे पहिले सलग चार उन्हाचे दिवस, गाद्या आणि चादरी : सगळे. दर रविवारी साठवलेले पाणी : मुलगा. दिवाळीत माळे आणि भांडी : एका शनिवारी एकच खोली, आधी नवरात्रात सुरू करून. तेलाची बाटली न्हाणीघरातच : ज्याची त्याने. पहिल्या वर्षी निम्मे झाले, दुसऱ्या वर्षी त्याहून थोडे अधिक. मुलाचा खोकला पुढच्या हिवाळ्यात बराच कमी झाला. औषधेही चालू होती, तेव्हा श्रेय वाटूनच द्यावे लागेल.

यंदा प्लास्टिकचा तुकडा मुलानेच भिंतीवर लावला. दोन दिवसांनी आतून थेंब होते. त्यामुळे या दिवाळीत आमच्याकडे येणाऱ्यांना पश्चिमेची भिंत पोपडे काढलेली, रंगाविना दिसेल आणि कपाट तिच्यापासून हातभर पुढे. ती फाल्गुनापर्यंत तशीच राहील.