कढत पाणी आणि रिठा

अजिंठा गावाबाहेर मका काढलेल्या शेतात धनगरांच्या मेंढ्या बसल्या आहेत. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे. महामार्गावरून लेण्यांकडे निघालेल्या गाड्या भरधाव जातात. वाड्याकडे कोणी मान वळवत नाही.

तीन दगडांच्या चुलीवर जर्मनचं पातेलं आहे. आजी रात्रभर भिजलेला रिठा कुस्करते आहे. पुढ्यात दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर. मूठभर उचलली तरी बोटं तुपकट होतात, वास उग्र. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात धुतल्या की माती आणि घाम तिथंच जातो. यंदा ते राहून गेलं. घाम तसा पाण्यात विरघळतो. लोकरीचं मेण मात्र गार पाण्याला दाद देत नाही. ते वितळायला साधारण ४० अंशांची ऊब लागते.

म्हणून पाणी चांगलं कढत. आजी बोट टेकवते, झटकन मागे घेते. रिठ्याचं पाणी ओतते आणि कांद्याच्या जाळीदार गोणीत भरलेली लोकर अलगद बुडवते. नातू काठी घेऊन सरसावतो.

"ढवळू नको रे! गोळा होईल."

बरोबरच आहे. गरम पाण्यात चोळली की केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात; मग ती लोकर पिंजता येत नाही. नुसतं बसून राहायचं. पाणी काळपट होतं, वर पिवळट तवंग येतो. पाणी कोमट व्हायच्या आत आजी गोणी उचलते, कारण निवलं की सुटलेलं मेण पुन्हा लोकरीवरच बसतं. दुसरं पाणीही तितकंच कढत.

सून धुण्याच्या सोड्याची पुडी पुढे करते. आजी ती बाजूला सारते. "सोड्यानं लोकर तुटती."

दोन पाण्यांनंतरही बोटांना किंचित ओशट लागतंच. तिसरं पाणी नाही का, मी विचारतो.

"कशाला भाऊ? घोंगडं पावसात वापरायचंय."

हेच मेण कारखान्यात शुद्ध झालं की लॅनोलिन म्हणून मलमांत जातं. इथं त्याचा अंश धाग्यातच ठेवायचा, पाणी निथळून जावं म्हणून. मला हा हिशेब जास्त पटतो.

तुमच्या घरी घोंगडी असेल तर ती कपड्यांच्या पावडरीत, गरम पाण्यात भिजत घालू नका. झटका, उन्हात टाका. फारच मळली तर गार पाण्यात थोडा रिठा घालून बुचकळा आणि न पिळता वाळवा.