भिजलेला कॅमेरा तांदळात नको

कॅमेरा पाण्यात पडल्याचं कळलं की घरातलं कोणीतरी तांदळाचा डबा पुढे करतंच. तो फडताळात परत ठेवा. तांदूळ हवेतला थोडाफार ओलावा ओढत असेल, पण सर्किट बोर्ड आणि चिपमधल्या फटीत बसलेला थेंब तो बाहेर खेचू शकत नाही. उलट त्याची भुकटी बटणांच्या कडांतून आत शिरते आणि ओल्या जागी चिकटून बसते. भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, असं ॲपलनं २०२४ च्या सुरुवातीला स्पष्टच सांगितलं, ते याच बारीक कणांच्या भीतीनं. सिलिका जेल तांदळापेक्षा बरं. पण तेही नंतरचं काम.

कारण वाळवणं हे पहिलं कामच नव्हे. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते. पावसाच्या, नळाच्या, धबधब्याच्या पाण्यात मात्र कमीजास्त क्षार विरघळलेले असतात. बॅटरी आत असली की बोर्डावरच्या दोन शेजारच्या तांब्याच्या रेघांमध्ये या पाण्यातून वीज वाहू लागते, एका रेघेचं तांबं झिजतं आणि दुसरीकडे जाऊन साचतं. कॅमेरा बंद असला तरी काही भागांना वीज मिळतच असते. म्हणून सगळ्यात आधी बॅटरी काढायची. स्विच बंद करण्यातही वेळ घालवू नका. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर आलेली असेल, तर स्विच दाबल्यावर ती पाण्यासकट आत जाईल. थेट बॅटरी काढली की ती आहे तिथेच थांबते. (घड्याळासाठी आत एक छोटा सेल बहुधा असतो, पण तो आपल्या हाताबाहेरचा.) मग कार्ड काढा, लेन्स सुटी होत असेल तर ती सोडवा, सगळी झाकणं उघडा आणि लेन्स बसते ते तोंड खाली करून पाणी निथळू द्या.

आणि ‘एकदा चालू होतोय का बघूया’ हा मोह आवरा. चालू झाला म्हणजे वाचला, ही समजूत तांदळापेक्षा महागात पडते. गंज लगेच दिसत नाही. आठवड्याभरानं फोकस अडखळतो, एखादं बटण आपोआप दाबलं जातं, बॅटरीच्या कप्प्यातल्या पितळी टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती बुरशी नसते.

तारकर्लीला किंवा अलिबागला लाटेनं कॅमेरा गिळला, तर गोष्ट वेगळी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं. पावसाळ्यात कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटतं, नेमकं तेच कॅमेऱ्याच्या पोटात होतं: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. म्हणजे पंख्याखाली खडखडीत वाळलेला कॅमेरा चार दिवसांनी आतून पुन्हा ओला. म्हणून खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडालेला कॅमेरा वाळवण्याआधी गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. ऐकणारा आपल्याला वेड्यात काढतो, पण मीठ घालवायला दुसरा उपाय नाही. बॅटरी आणि कार्ड काढल्यावरच हे करायचं, आणि जमलं तर डिस्टिल्ड वॉटरनं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, बॅटरीच्या दुकानात मिळतं. हा जुगार आहे, हे मान्य. पण मीठ आत ठेवून वाळवणं म्हणजे हरलेला डाव. नुसते शिंतोडे उडाले असतील तर धुऊ नका, गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा.

यानंतर कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा, आणि पाणी खारं होतं की गोडं हे त्याला खरं सांगावं. तो बोर्ड सुटा करून आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ ब्रशनं साफ करतो. घरी स्क्रू उघडायच्या फंदात पडू नका. अंगच्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको. गरम हवेचा झोत पाणी आणखी आत ढकलतो, रबराच्या पकडीचा गोंद सुटतो. पंखा पुरे, पावसाळी हवेत एसीची कोरडी खोली त्याहून चांगली. भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, नवी घ्या.

‘माझा वेदर-सील्ड आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: त्याचा अर्थ शिंतोडे सोसतो, बुडणं नाही. आयपीएक्स७ असं लिहिलेलं असलं, तरी ती चाचणी एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्ध्या तासाची असते. २०१८ मध्ये तैवानच्या किनाऱ्यावर शाळकरी मुलांना शंखशिंपले चिकटलेला, दोनेक वर्षं समुद्रात राहिलेला कॅमेरा सापडला आणि तो चक्क चालू झाला. हे उदाहरण खूप जण देतात. तो वॉटरप्रूफ केसमध्ये होता, एवढं सांगायचं विसरतात.

फोटो गेले असं मात्र लगेच धरू नका. मेमरी कार्डात फिरणारा भाग नसतो आणि त्यातली माहिती बहुधा पाण्यानं पुसली जात नाही. कार्ड गोड्या पाण्यानं पुसा, एक-दोन दिवस वाळू द्या आणि कॅमेऱ्यात न घालता कार्ड रीडरमधून संगणकाला लावा. ‘फॉरमॅट करायचं का’ असं त्यानं विचारलं, तर उत्तर ‘नाही’.