न खणायचं गुप्तधन

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. वसमत तालुक्यातल्या आमच्या शेतात हळद कमरेला लागली होती आणि मी बांधावरच्या लिंबाभोवती मोबाईल घेऊन तिसरी फेरी मारत होतो. मध्येच एखादा दगड उचलून पाहायचा, मध्येच ढोलीत हात घालायचा आणि साप आठवला की झटकन काढून घ्यायचा. शेजारचे तात्या बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"काय हुडकायलास रे एवढ्या येळचा?"

"डबी. भाच्यानं लपवलीय."

"मग त्यालाच इचार की कुठं ठिवली!"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभरापूर्वी मीही हेच विचारलं असतं. भाचा पुण्यात शिकतो, तिथल्या मित्रांसोबत त्याला या छंदाची लागण झाली. "मामा, जिओकॅशिंग करू या का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मला वाटलं मोबाईलच्या रिचार्जवर रोख बक्षीस देणारी एखादी योजना असेल. जिओ म्हणजे सिमकार्ड आणि कॅश म्हणजे रोकड, इतकंच आपल्याला ठाऊक! त्यानं समजावलं: जिओ म्हणजे पृथ्वी आणि कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा. एकानं डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्यानं आकड्यांच्या मागे जाऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथं, होता तसा ठेवून द्यायचा. मिळकत शून्य.

या खेळाला जन्मतारीख आहे. अमेरिकेच्या लष्करानं उभारलेल्या जीपीएसचे संकेत सामान्य लोकांसाठी मुद्दाम बिघडवलेले असायचे, जागा शंभरेक मीटरनं चुकायची. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानं २ मे २००० रोजी हा बिघाड बंद झाला. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञानं ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत वही, पेन्सिल, काही किरकोळ वस्तू आणि डबाबंद घेवड्याचा एक टिन होता. तीन दिवसांच्या आत माइक टीग नावाच्या माणसानं ती शोधून वहीत नाव लिहिलं. मे संपेपर्यंत मॅट स्टम यांनी खेळाला नाव दिलं आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत.

मोबाईलला आपली जागा कळते कशी, हे मी शेतात उभा राहूनच शिकलो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एकच निरोप पाठवतात: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. निरोप पोचायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती लांब आहे ते निघतं. असे किमान चार उपग्रह दिसले की जागा ठरते. निरोप प्रकाशाच्या वेगानं येतो आणि प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो, म्हणून घड्याळात एवढीशीही चूक परवडत नाही. त्यात आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरहून जास्त चुकेल.

त्याहून मोठी चूक मी आइन्स्टाइनच्या मदतीशिवाय करून दाखवली. भाच्यानं पाठवलेले आकडे साधारण असे होते: उत्तर १९ अंश २०.५०० मिनिटं, पूर्व ७७ अंश १०.५०० मिनिटं. मी ते नकाशात १९.२०५ आणि ७७.१०५ असे भरले. बाणानं मला आमच्या शेतापासून सुमारे सतरा किलोमीटर नैऋत्येला, पूर्णेच्या दिशेला, परभणी जिल्ह्यात नेऊन सोडलं. मोटारसायकलला किक मारणार, एवढ्यात भाचा हसत सुटला. एका अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत. म्हणजे २०.५ मिनिटं हे ०.२०५ अंश होत नाहीत, ०.३४१७ अंश होतात. नवशिक्याची ही ठरलेली चूक. ती टाळायची, तर आकडे लिहून घेताना ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे आधी बघावं. या पद्धतीत मिनिटाच्या तिसऱ्या दशांशस्थळाचा, म्हणजे शेवटच्या आकड्याचा, एकाचा फरक जमिनीवर जेमतेम पावणेदोन मीटर असतो. आपली जागा इतक्या बारकाईनं लिहिता येते, याचं मला अप्रूप वाटलं. आमच्याकडे बांधाच्या पावणेदोन मीटरवरून भावाभावांची बोलणी बंद होतात.

तात्यांची शंकाही तीच होती. हातात यंत्र घेऊन बांधावर फिरणारा माणूस म्हणजे मोजणीवाला. "मोजणी आणली नाहीस ना गुपचूप?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "मग... धन हाय का काय?"

इथं मात्र मी सावध झालो. आपल्या भागात गुप्तधन हा गमतीचा शब्द नाही. पडक्या गढ्या, जुनी देवळं, ओसाड विहिरी यांच्या आसपास रात्री खणाखणी होते, मांत्रिक येतात आणि कधी कधी फार वाईट गोष्टी घडतात. धनासाठी अघोरी कृत्य करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणून इथं हा खेळ खेळणाऱ्यानं पहिला नियम पाठ करावा: खणायचं नाही. अल्मरची बादली अर्धीमुर्धी जमिनीत होती, पण आज या खेळात डबा पुरायला मनाई आहे. दुसरा नियम, जमीनमालकाची परवानगी. तिसरा, दिवसाउजेडी शोधायचं आणि कोणी विचारलं तर खरं सांगायचं. परदेशातले खेळाडू, हॅरी पॉटरच्या गोष्टीतला शब्द उचलून, खेळाबाहेरच्या माणसांना 'मगल' म्हणतात आणि त्यांच्या नजरा चुकवत शोधतात. आपल्या गावात ती हौस नको. मी तात्यांना मोबाईल दाखवला, बाण दाखवला, सगळं सांगितलं. "धन नाही, नुसती वही?" असं म्हणून ते कपाळावर हात मारून निघून गेले.

डबी काही सापडेना. मोबाईल कधी म्हणे तीन मीटर, कधी म्हणे नऊ. झाडाच्या दाट पानोळ्याखाली उपग्रहांचे संकेत अडतात, आपटून येतात आणि बाण गोल फिरू लागतो. भाच्यानं सांगितलेली युक्ती तेव्हा आठवली: शेवटच्या दहा मीटरला मोबाईल खिशात टाकायचा आणि स्वतःला विचारायचं, मी असतो तर कुठं लपवलं असतं? इतका वेळ मी खालीच बघत होतो, कारण धन खाली असतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. मान वर केली, तर डोक्याच्या जरा वर, फांदीच्या बेचक्यात तारेनं बांधलेली, काळ्या रंगानं रंगवलेली हिंगाची डबी! आत कागदाची बारीक गुंडाळी. तिच्यावर तारीख आणि नाव लिहिताना हात चक्क थरथरत होता.

त्या डबीतही एक चूक होती. तीनदा धुऊनही हिंगाचा वास गेला नव्हता, आणि वासाची किंवा खाण्याची वस्तू वापरू नये असा नियम आहे, कारण उंदीर-खारी डबा कुरतडतात. अल्मरचा घेवडा आज चालला नसता. आता आम्ही घट्ट झाकणाची स्टीलची डबी वापरतो, कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि शाईऐवजी पेन्सिल, कारण ओल लागली तरी तिचं लिहिलेलं पसरत नाही. डबीवर 'हा शोधाशोधीचा खेळ आहे, घाबरू नये' असं मराठीत लिहितो.

देवळात, बसस्थानकात, पुलाखाली डबी ठेवायची नाही. बेवारस वस्तूची भीती खरी असते. तिथं घरच्या खेळासाठी डबीऐवजी प्रश्न लपवावा. औंढा नागनाथला आम्ही मुलांना आकडे दिले आणि विचारलं, इथला नंदी कुठं आहे? एरवी गाभाऱ्यासमोर दिसणारा नंदी औंढ्याला देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, ही कथा मुलांनी शंभरदा ऐकलेली, पण बाण धरून देवळाला वळसा घातल्यावर ती पायांना कळली.

त्याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला 'लायगो-इंडिया'ची वेधशाळा होते आहे. एकमेकांना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथं व्हायचं कामही आमच्या खेळाचंच मोठं भावंड आहे. विश्वात दोन कृष्णविवरं आदळली की गुरुत्वीय लहरी निघतात. त्या कोणत्या वेधशाळेत किती आधी पोचल्या, यावरून त्या आकाशाच्या कोणत्या भागातून आल्या ते शोधायचं. १४ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदलेल्या अशाच एका टकरीची जागा अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना सांगता आली ती १,१६० चौरस अंशांत. इटलीतल्या तिसऱ्या वेधशाळेची वेळ जोडताच ती ६० चौरस अंशांवर आली. अजून एक वेधशाळा लांब अंतरावर हवी, ती याचसाठी. वेळेवरून जागा काढण्याची जी रीत मी हिंगाच्या डबीसाठी वापरली, तीच दुधाळ्यात आकाशासाठी वापरतील.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. मोबाईलवर ॲप घ्या, पण आपल्याजवळ डबा दिसला नाही तर हिरमुसू नका. घरातल्या एकानं लपवावं, बाकीच्यांनी शोधावं. निदान वीसेक डबे शोधल्याशिवाय सगळ्यांसाठी डबा जाहीर करू नये, कारण ठेवणाऱ्याला पावसाळ्यात जाऊन तो तपासावा लागतो, फुटला तर बदलावा लागतो. आणि सापडला नाही, तर 'सापडला नाही' असं प्रामाणिकपणे नोंदवावं. पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

आमच्या लिंबावरच्या डबीत आजवर अकरा नावं आली आहेत. तिसरं नाव तात्यांचं. माझ्या मागोमाग दोनच दिवसांनी, मोबाईल न घेता, ते एकटे येऊन शोधून गेले. सहीपुढे तारीख आहे आणि त्यांना ठाऊक असलेले जागेचे आकडे आहेत: आमच्या शेताचा गट नंबर.