ओझरच्या धावपट्टीवर कोण कोणाचे ऐकते?

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहत असला, की नाशिकला येणारे प्रवासी विमान निफाडच्या बाजूने, द्राक्षबागांवरून खाली येत ओझरची धावपट्टी गाठते. टॉवरमधला कंट्रोलर उतरायची परवानगी देतो आणि मिळालेली परवानगी वैमानिक जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो: ‘रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड टू लँड’, आणि शेवटी स्वतःचे कॉल साइन. या एका वाक्याला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी 260 किलोमीटरने येणारे विमान साडेतीनशे मीटर पुढे आलेले असते.

मे महिन्यात हा आकडा आणखी वाढतो. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. पारा चाळिशीला टेकला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी जणू 1600 मीटरच्या वर जाऊन बसते. कॉकपिटमधला वेगमापक हवेचा दाब मोजून वेग सांगतो. त्यामुळे काटा नेहमीप्रमाणे 140 नॉट दाखवत असला, तरी प्रत्यक्षात विमान 150 च्या आसपास असते. वेग जेमतेम आठ टक्के जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून विमान थांबवताना एक षष्ठांशाहून थोडी अधिक ऊर्जा जिरवावी लागते. ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची आहे, त्यामुळे तिची लांबी ही काळजीची बाब नाही. नेमक्या त्या क्षणी तिच्यावर दुसरे कोण आहे, हा खरा प्रश्न.

आणि ‘दुसरे कोण’ याची ओझरची यादी बरीच मिसळीची आहे. प्रवाशांच्या दृष्टीने हा लहान विमानतळ, दिवसाकाठी मोजकी उड्डाणे. पण धावपट्टी मुळात हिंदुस्तान एरोनॉटिक्सची. 1964 मध्ये मिग-21 बांधण्यासाठी इथे कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-30 आले आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने इथूनच उड्डाण केले. शेजारी हवाई दलाचा 11 बेस रिपेअर डेपो आहे. नाशिक रोडकडे गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा. मुंबईत गर्दी प्रचंड, पण तिथली बहुतेक विमाने एकमेकांसारखी वागतात. इथे गर्दी नसते, पण चाचणीवर निघालेले लढाऊ विमान, दुरुस्तीहून बाहेर पडलेले विमान आणि सुटीला निघालेल्या कुटुंबांनी भरलेले एअरबस यांचे वेग, वळणे आणि घाई एकमेकांशी जुळत नाहीत.

या सगळ्यांना सांभाळणारी व्यवस्था रडारच्या आधी कानावर उभी आहे. धावपट्टीवर येणे, ती ओलांडणे, तिच्या अलीकडे थांबणे, उड्डाण, उतरणे, तिच्यावरूनच उलट चालत जाणे, यातली कोणतीही सूचना परत म्हणून दाखवणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. पण रीडबॅक म्हणजे निम्मेच काम. कंट्रोलरने ते लक्ष देऊन ऐकणे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे टोकणे, हे उरलेले निम्मे. सरावलेला कान तिथेच दगा देतो, कारण माणूस बऱ्याचदा जे अपेक्षित असते तेच ऐकतो. लहान विमानतळावर ‘धावपट्टी मोकळीच असणार’ ही अपेक्षा रोज खरी ठरत असते, म्हणून ती जास्त चिवट.

तिसरा कान मला सर्वांत मोलाचा वाटतो. टॉवरची फ्रिक्वेन्सी सगळ्यांना सामाईक असते. एकाला दिलेली परवानगी बाकीच्यांनाही ऐकू जाते आणि ‘अरे, त्या धावपट्टीवर तर मी उभा आहे’ हे कोणालाही ओरडून सांगता येते. लासलगावच्या कांदा लिलावात बोली मोठ्याने पुकारतात, ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती तपासता येते, तसेच हे. फरक इतकाच, की लिलावात चार जण एकदम बोलले तरी निभावते. इथे एका वेळी एकानेच बोलायचे, कारण बटण दाबून बोलणाऱ्याला त्या वेळी दुसऱ्याचे काही ऐकू येत नाही.

दोघे एकदम बोलले तर काय होते, याच्यात भौतिकशास्त्राची एक गंमत आहे. विमानांचे बोलणे 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या एफएम केंद्रांच्या जरा वर चालते. पण पद्धत मात्र एफएम नव्हे, जुनी एएम. एफएम रिसीव्हर दोन संदेशांपैकी जोरदार असेल तो उचलतो आणि दुबळा गिळून टाकतो. काही हरवले, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. एएममध्ये दोन लहरींच्या वारंवारितेतला किंचित फरक शिट्टीसारखा कानावर येतो. शब्द बुडतात, पण ते बुडाले हे समजते. ही पद्धत टिकून राहण्याला इतर कारणेही आहेत, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने हे मोठे.

27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांवरच्या तेनेरिफे इथे हीच शिट्टी वाजली होती. तोही लहान, एका धावपट्टीचा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्याने मोठमोठी विमाने इथे वळवलेली, वर धुके. केएलएमच्या जम्बोने ‘आम्ही आता टेकऑफला’ अशा अर्थाचे काहीतरी संदिग्ध सांगितले. कंट्रोलर ‘ओके’ म्हणाला आणि पुढे ‘थांबा, मी कळवतो’ असे सांगू लागला. त्याच वेळी पॅन ॲमचे विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे सांगू लागले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ तेवढे नीट पोहोचले आणि पुढचे सगळे शिट्टीत गेले. तरीही तिसऱ्या कानाने आपले काम केले होते. कंट्रोलर आणि पॅन ॲम यांचे पुढचे बोलणे ऐकून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले, ‘तो अजून बाजूला झालेला नाही का?’ अनुभवी कॅप्टनने शंका उडवून लावली आणि काही सेकंदांत 583 माणसे गेली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला.

तेनेरिफेपेक्षाही मला टोकियोच्या हानेदा विमानतळावरचा अपघात अधिक अस्वस्थ करतो, कारण तिथे रीडबॅक बरोबर होता. 2 जानेवारी 2024. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’ असे सांगून धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत यायला सांगितले. वैमानिकाने ते अचूक परत म्हटले आणि तो थेट धावपट्टीवर जाऊन सुमारे 40 सेकंद उभा राहिला. कंट्रोलरच्या पडद्यावर इशारा उमटला, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. जपान एअरलाइन्सचे विमान त्याच्यावर येऊन आदळले. त्यातले सर्व 379 जण बाहेर पडले, तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जण वाचले नाहीत. संभाषणाची नोंद प्रसिद्ध झाल्यावर एक बारीक तपशील दिसला: प्रवासी विमानाला उतरायची परवानगी मिळाली, त्यानंतर काही सेकंदांनी तटरक्षक विमान टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर आले. ती परवानगी त्याच्या कानावर पडणे शक्यच नव्हते.

आपल्याकडच्या घटनांकडे याच नजरेने पाहावे. 9 फेब्रुवारी 2009 रोजी मुंबईत प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत असताना राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातले हवाई दलाचे हेलिकॉप्टर धावपट्टीवर आले आणि वैमानिकाला उड्डाण सोडून ब्रेक लावावे लागले. 15 फेब्रुवारी 2020 रोजी पुण्याच्या लोहगावला, जिथे नियंत्रण हवाई दलाकडे आहे, एअर इंडियाचे ए-321 साधारण 120 नॉटने धावत असताना वैमानिकांना समोर जीप आणि माणूस दिसला. थांबायला जागा नव्हती. त्यांनी नेहमीपेक्षा आधीच नाक उचलले आणि विमान वरून गेले. शेपटीकडचा भाग घासल्याचे दिल्लीत उतरल्यावर कळले. लष्करी आणि नागरी एकाच पट्टीवर असले की असे होणारच, असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. कोण कोणाला ऐकू शकत होते, हे आधी विचारायला हवे.

कारण सामाईक धावपट्टीवर कान वाटले जातात. प्रवासी विमाने व्हीएचएफवर बोलतात, लढाऊ विमाने बऱ्याचदा 225 ते 400 मेगाहर्ट्झच्या यूएचएफवर. टॉवर दोघांना ऐकतो, पण ते दोघे एकमेकांना ऐकत नाहीत. त्यावर उपाय आहे: एका पट्ट्यावर आलेले बोलणे दुसऱ्यावर आपोआप पुन्हा प्रक्षेपित करायचे. गवत कापणारा ट्रॅक्टर, पक्षी हाकलणारी जीप, दिवे तपासणारी गाडी यांचे बोलणे मात्र अनेक विमानतळांवर तिसऱ्याच वॉकीटॉकीवर, बहुधा स्थानिक भाषेत चालते. वैमानिकाला त्यातले अक्षरही कळत नाही. धावपट्टीवरच्या घुसखोरीसंबंधी युरोपने आखलेली कृती योजना म्हणूनच सांगते, की धावपट्टीशी संबंधित सगळे बोलणे, गाड्यांचेसुद्धा, उड्डाण आणि उतरण्याच्याच फ्रिक्वेन्सीवर व्हावे.

यात अडचण भाषेची आहे. वैमानिक आणि कंट्रोलर यांना मार्च 2008 पासून सहा पातळ्यांपैकी किमान चौथ्या पातळीचे इंग्रजी सिद्ध करावे लागते. जीपच्या चालकाला अशी आंतरराष्ट्रीय अट नाही. पण त्याला लागणारी वाक्येही फार नाहीत. कुठे आहे, कुठे जायचे आहे, थांबलो आहे, ओलांडतो आहे, धावपट्टी मोकळी केली आहे. आकडे उच्चारायची रीत शिकावी लागेल: खरखरीत ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ओझरच्या पट्टीचे पूर्वेकडे तोंड असलेले 09 हे नाव ‘झीरो नायनर’ असे म्हणतात.

2027 च्या सिंहस्थात ओझरला खासगी जेट, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची हेलिकॉप्टर आणि जादा उड्डाणे येतील. त्यांतल्या कित्येक वैमानिकांनी ही धावपट्टी पूर्वी कधी पाहिलेली नसेल. सुखोई आणि तेजसच्या चाचण्या त्या काळात कोणत्या तासांना ठेवायच्या, दोन्ही पट्ट्यांवरचे बोलणे जोडायचे का, आणि गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये व्हीएचएफ सेट बसवून त्याच्या चालकाला ती पाच-सहा वाक्ये घोटून घ्यायची का, हे पहिल्या पर्वणीच्या बऱ्याच आधी ठरवावे लागेल.